लाल चकतीचा लॅपटॉप

"मेला हो, वहिनी!" भाऊजींनी चौथ्यांदा बटण दाबलं. लाल चकतीचा लॅपटॉप ढिम्म.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून भाऊजी आपल्या वहिनींचे स्वयंघोषित सहायक होते. वहिनी खासगी तपास करत. आजवर एकही गुन्हा भाऊजींना त्यांच्याआधी उलगडला नव्हता, पण उत्साहाला तोटा नव्हता.

समोर चाचणीप्रमुख बाई हात चोळत उभ्या होत्या. ग्राहकांच्या मासिकासाठी त्यांनी तीन महागडे लॅपटॉप सहा महिने छळले होते. यंत्राची रबरी बोटं प्रत्येक बटण लाखो वेळा दाबत, दुसरं यंत्र झाकण उघडमीट करी. कुणाकडे कल झुकू नये म्हणून कंपनीचं नाव आणि क्रमांक काढून नुसत्या रंगीत चकत्या चिकटवल्या होत्या. लाल पहिला आला. आज शेवटच्या फोटोसाठी उघडला, तर बंद!

"संपादक म्हणतात, मी चाचणी न करताच आकडे ठोकून दिले," बाई म्हणाल्या. "सहाला अंक छापायला जातो. तोवर उलगडा झाला नाही, तर माझी नोकरी गेली. अकरा वर्षं झाली हो इथे!"

साडेचार वाजले होते. भाऊजींनी बाह्या सरसावल्या. घाईचा तपास म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

वहिनींनी लॅपटॉप खिडकीच्या उजेडात तिरका धरला. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातली दोन बटणं घासून लखलखत होती, बाकीची नव्यासारखी निस्तेज.

"खोलीची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याशिवाय संपादक, तंत्रज्ञ आणि फोटोग्राफर. तिघांकडे लॅपटॉपही याच मॉडेलचा आहे. ऑफिसनंच दिलाय."

संपादक फणकारले. "मी दिवसभर लोकांची वाक्यं खोडतो. खोटी चाचणीही खोडीन!" त्यांच्या कीबोर्डवरचं खोडायचं बटण पार गुळगुळीत झालं होतं.

तंत्रज्ञाच्या कीबोर्डची आकड्यांची ओळ झिजलेली होती. "यंत्र एकही दिवस बंद पडलेलं नाही," तो गुरगुरला. "हवं तर नोंदी बघा."

फोटोग्राफर मात्र गोड बोलला. "फोटो सुधारायचा म्हणजे शंभरदा मागं जावं लागतं. उजव्या हातात पेन, डावा हात सारखा त्याच दोन बटणांवर." त्याच्या लॅपटॉपची यच्चयावत बटणं सारखीच चमकत होती, कडेची, कुणी वर्षात न दाबणारीसुद्धा.

"याला म्हणतात मेहनत!" भाऊजी कौतुकानं म्हणाले.

सव्वापाचला वहिनींनी सगळ्यांना चाचणीच्या खोलीत बोलावलं.

"तंत्रज्ञच!" भाऊजींना राहवलं नाही.

"थांबा, भाऊजी. यंत्र सगळी बटणं सारखीच दाबतं, माणूस नाही. या मेलेल्या लॅपटॉपची दोनच बटणं चमकतात, कंट्रोल आणि झेड. केलेलं रद्द करून मागं जायची. म्हणजे हा यंत्राखाली कधी गेलाच नाही, माणसाच्या हाताखाली होता. संपादक खोडतात, तंत्रज्ञ आकडे भरतो. मागं कोण जातं? आणि मेहनती बटणांचा लॅपटॉप कुणाकडे आहे, भाऊजी?"

सगळ्यांच्या नजरा फोटोग्राफरकडे वळल्या.

"मुखपृष्ठ द्यायचं होतं हो, आणि माझा लॅपटॉप बंद पडला," तो खाली मान घालून म्हणाला. "दुरुस्तीला महिना लागणार होता. चाचणी तर संपली होती. वाटलं, आता लालला कोण उघडतंय! त्याची चकती काढून माझ्या बंद लॅपटॉपवर लावली आणि तो घेतला."

संपादकांनी बाईंची तोंडभरून माफी मागितली. भाऊजींनी तर टाळ्याच पिटल्या. बाई मात्र फोटोग्राफरकडे वळल्या.

"तुमचा कशानं बंद पडला?"

"काही केलं नाही. पाडला नाही, भिजवला नाही. रोज बॅगेत कोंबून फिरायचो. चौदाव्या महिन्यात गप्पच झाला."

बाईंनी छपाईला जाणारं पान ओढलं आणि लालसमोरचा पहिला क्रमांक खोडला.

"अहो, तुम्ही खऱ्या ठरलात ना!" संपादक ओरडले.

"माझे आकडे खरे आहेत. पण घेणारा माणूस तो बॅगेत घालून फिरणार, आणि बॅगेतलं मी काहीच तपासलेलं नाही. एक मेला, उद्या किती मरतील मला ठाऊक नाही."

पहिल्या क्रमांकाची जागा कोरी ठेवून अंक सहाला छापायला गेला.