दोराच्या टोकाला

"अय बाई! थांब! एक पाऊल पुढं टाकू नको!"

मोनिका दचकली आणि तारेच्या कुंपणात अडकलेला पाय आणखीच अडकला. संत्र्याच्या बागेतून एक उंच माणूस हातातलं फावडं टाकून पळत येत होता. गळ्यात मफलर, पायात एकच चप्पल... दुसरी वाटेत कुठंतरी राहिली होती.

"घरात भांडान झालं म्हनून असं करत्यात व्हय? आईबापाचा तरी इचार करायचा!"

"अहो, पण मी पोहायला आलेय."

तो थबकला. मग त्याला तिच्या डोक्यावरची निळी रबरी टोपी दिसली, कपाळावर चढवलेला पोहण्याचा चष्मा दिसला, बांधावर आडवी टाकलेली सायकल दिसली. जीव द्यायला निघालेलं माणूस एवढ्या तयारीनं येत नाही. बिचारा ओशाळला, पण राग काही उतरला नाही.

"पवायला? ह्या शेततळ्यात? मॅडम, खाली प्लास्टिकचा कागद हाय, त्याच्यावर शेवाळ. आत गेलेलं मानूस वर येत न्हाई."

"मला येतं पोहता."

"पवायला येत असंल. चढायला येतं का?"

मोनिकानं तळ्याच्या गुळगुळीत काठाकडं बघितलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

तिसगावात तिच्या वडिलांचं, भाऊसाहेबांचं, मेडिकल आहे. तिथं दिवसभर गोळ्या देणारी ही मुलगी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडायची, याचं गावाला एके काळी भारी कौतुक होतं. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात करायची ट्रायथलॉन नावाची स्पर्धा तिनं एकदा पुरी केली होती. पेपरात फोटो आला होता. दोन वर्षांपूर्वी करंजीच्या घाटात उतारावर खडीवरून सायकल घसरली आणि उजव्या खांद्याचे तुकडे झाले. आत पट्टी बसली, स्क्रू बसले. जमत आलेलं लग्न होतं, पट्टीचं कळल्यावर तिकडून फोन येईनासा झाला. तेव्हापासून घरीदारी एकच पालुपद... "आता पुरे, बाई." तिला मात्र ती स्पर्धा पुन्हा एकदा पुरी करायची होती. जो हात सगळ्यांनी मोडीत काढला होता, तो अजून तिचा आहे एवढंच तिला बघायचं होतं. नगरचा पोहण्याचा तलाव लांब, दुकान सांभाळून रोज जमणार कसं? मग काय, गावाबाहेर निळंशार दिसलेलं हे तळं!

"गहिनी, कोन हाय रं?" बागेतून एक बाई आल्या. मोनिकाला बघून त्यांचा चेहरा निवळला. "आगं, ही तर भाऊसाहेबाची पोरगी. माझ्या बीपीच्या गोळ्या हीच देती."

त्या कलाबाई. गहिनीनाथच्या आई. त्यांना बघितलं आणि मोनिकानं कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. कलाबाईंचा धाकटा, चेतन, शेततळ्यात बुडून गेला हे तिला दुकानात कळलं होतं. हेच ते तळं, हे मात्र तिला माहीत नव्हतं. पंपाच्या पाइपाला अडकलेला कचरा काढायला तो वाकला होता. कोरडं गाव... विहिरींनाच पाणी नाही, तिथं पोरं पोहायला शिकणार कुठं? तळी आली, पाणी आलं, पोहणं आलंच नाही. गहिनीनाथ काठावर होता. त्यालाही पोहता येत नव्हतं.

"माफ करा, मावशी. मी जाते."

कलाबाई पाण्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चेतन गेल्यापास्नं आमच्या घरात कुनी ह्या तळ्याकडं नीट बघितलं न्हाई. जाऊ दे तिला, गहिनी. पन कमरंला दोर बांध."

आणि तशी ती रीत पडली. रोज सकाळी मोनिकाच्या कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक गहिनीनाथच्या हातात. ती काठाकाठानं पोहायची आणि तो वरून तिच्याबरोबर चालायचा. वर यायला त्यानं चारी बाजूंना टायर बांधले. थंडी मी म्हणत होती. ती कुडकुडत बाहेर आली की तो पाठ करून उभा राहायचा आणि तसाच हात मागं करून टॉवेल द्यायचा.

"इकडं बघितलं तरी चालेल हो. मी अंग झाकून घेतलंय."

"झाकलं तरी... मानूस दिसतंयच की."

"मग दिसलं तर काय होईल?"

"बागंची कामं राहत्यात," तो म्हणाला आणि भराभर निघून गेला. मोनिका एकटीच हसत बसली.

बाग फुलावर आली, तळ्याच्या काठी संत्र्याचा मंद वास दाटला. चहाचा कप देताना त्याची बोटं जरा जास्त वेळ थांबू लागली. आणि तिचा हात! हात परत येत होता. घड्याळ सांगत होतं, तिच्या फेऱ्या रोज आधीपेक्षा लवकर पुऱ्या होत होत्या. दोर ओला होऊन कमरेला काचायचा, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. ती आनंदात होती. आणि या आनंदात गहिनीनाथ किती आणि पोहणं किती, हे तिनं मुद्दामच स्वतःला विचारलं नव्हतं.

स्पर्धा आठवड्यावर आली होती. त्या दिवशी कलाबाई चहा घेऊन काठावर आल्या आणि सहज म्हणाल्या, "आज लई वढत हुतास रं हिला. हात सोलला की तुझा."

मोनिकाचा कप तोंडाशीच राहिला. तिनं उठून त्याचा हात उघडून बघितला. तळव्यावर दोराचा लाल वळ, जुने फोड, नवे फोड.

"तुम्ही मला ओढत होता?"

"तुमचा उजवा हात दमला की तुमी खाली जाता... बघवत न्हाई. जरासंच वढायचो."

"कधीपासून?"

त्यानं मान खाली घातली. "पयल्या दिवसापास्नं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हणजे मी पोहतच नव्हते! गोणी ओढावी तसं ओढलंस तू मला, आणि मी मूर्खासारखी खूश होते! बाबा दुकानात खोकं उचलू देत नाहीत, आई बादली उचलू देत नाही. वाटलं होतं, एक तू तरी मला धड माणूस समजतोस."

रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, ते दोघांनाही कळलं.

"माझा भाऊ माझ्या डोळ्यांम्होरं गेला, मोनिका," तो हळूच म्हणाला. "तवा हातात काय नव्हतं. आता हातात दोर असून मी गप उभा राहू?"

तिनं दोर सोडून काठावर ठेवला आणि सायकल काढली.

त्यानंतर ती नगरच्या तलावावर गेली. एसटीनं, धक्के खात. तिथं खरं काय ते कळलं. हात अर्ध्यातच भरून यायचा. स्पर्धेत ठरलेल्या वेळेत पाण्याबाहेर आलं नाही तर होडी येऊन उचलते, आणि या हातानं ती वेळ गाठणं कठीण होतं. नाव मागं घ्यावं का? रात्रंदिवस तेच. आणि त्याच्या जोडीला दुसरं एक दुःख, जे घड्याळात मोजता येत नव्हतं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी गहिनीनाथ दुकानात आला. आईच्या गोळ्या घेतल्या, पिशवीत ठेवल्या, पुन्हा बाहेर काढून बघितल्या.

"तिकडं... येऊ का मी?"

"येऊन काय करणार?"

"उभा राहीन."

"नुसतं?"

"नुसतं."

तिनं मान वर न करता सुटे पैसे परत दिले. नको मात्र म्हणाली नाही.

अकोले तालुक्यातल्या धरणावर सकाळी धुकं होतं. शिट्टी झाली, सगळे पाण्यात शिरले आणि बघता बघता पुढं निघून गेले. मोनिका मागं पडली. अर्ध्यावर खांदा जळायला लागला. पुढं पुढं हात उचलेनासा झाला. ती उताणी होऊन तरंगू लागली. वर आभाळ, कानात पाणी.

होडी जवळ आली. "ताई, हात द्या. घेतो वर."

हात दिला की संपलं. तिनं काठाकडं बघितलं. गहिनीनाथ अगदी पाण्याच्या कडेला उभा होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते. तो ओरडत नव्हता, खुणावत नव्हता. शब्द दिल्याप्रमाणं नुसता उभा होता. त्याला तसं उभं राहणं किती जड जात असेल, हे तिच्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

"नको," ती होडीवाल्याला म्हणाली. "मी येते."

आणि ती आली. डावा हात पुढं, उजवा कसाबसा मागून, मध्येच उताणी, पुन्हा पालथी. सगळ्यांत शेवटी, पण वेळ संपायच्या आत तिचे पाय वाळूला लागले. पुढं सायकल होती, धावणं होतं. उतारावर ती इतकी ब्रेक दाबून गेली की रस्त्याकडेच्या बाया हसल्या. ती धावली, चालली, पुन्हा धावली. ती पोचली तेव्हा मंडपाच्या कनाती सोडायला सुरुवात झाली होती. एका पोरीनं धावत येऊन तिच्या गळ्यात पदक घातलं. मोनिका तिथंच मातीत बसली आणि हमसून हमसून रडली.

गहिनीनाथ येऊन शेजारी बसला. त्याच्याबरोबर आलेल्या कलाबाई मागं उभ्या होत्या.

"खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "ती होडी तुझ्यापाशी आली तवा मी डोळे मिटले."

"मग मला येताना कुणी बघितलंच नाही?"

"म्या बघितलं," कलाबाई म्हणाल्या. "पाय टेकंस्तोवर बघितलं."

गहिनीनाथनं घसा साफ केला.

"मला तू आवडतीस. तू पान्यात गेलीस की माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाई. पन आठ दिवस तू आलीच न्हाईस, ते त्याच्याहून वंगाळ हुतं. माझ्याशी लगीन करशील का?"

"मी पोहणं सोडणार नाही. पुढच्या वर्षीही येणार."

"सोडू नको. भ्या मला वाटतंय, ते माझं मी बघीन." तो थांबला. आईकडं एकदा बघितलं. "तू फकस्त... मला पवायला शिकीव."

कलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या नको म्हणतील म्हणून दोघंही श्वास रोखून बसले. पण त्या रडत होत्या आणि रडता रडताच मान हलवत होत्या... शिकू दे, शिकू दे.

मोनिकानं त्याचा सोललेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"शिकवते," ती म्हणाली. मग खाली बघून, अगदी हळू, "आणि... त्याच्या आधी विचारलंस, त्यालाही हो."