तिसरी वही

"तीन पट, तीन हार!" श्रीपाद दबक्या आवाजात म्हणाला. "आणि कल्याणवाले विचारसुद्धा करत नव्हते गं, वासंती. आपली चाल पडायच्या आत त्यांचं उत्तर तयार."

१८८८ सालची दिवाळीची सुट्टी. ठाण्याची बुद्धिबळ मंडळी आगगाडीने कल्याणला सामन्याला आली होती. श्रीपाद-वासंतीचा थोरला भाऊ आनंद जेवणानंतर शेवटच्या पटावर बसणार होता. सोळा वर्षांच्या पोराला घेतलं म्हणून आधीच कुरकुर होती. तो हरला, तर पोरासोरांनी पुन्हा पटाला हात लावायचा नाही, असं वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं.

"आपल्या डावांच्या सुरुवाती कोणीतरी फोडल्यात," वासंती म्हणाली.

या सुरुवाती मंडळीसोबत आलेल्या भाऊकाकांनीच बसवून घेतल्या होत्या, दर रविवारी ठाण्यात, खोपटला त्यांच्या ओटीवर. "शंभर घोकू नका. पहिली चाल आपली असेल तेव्हा एक, समोरच्याची असेल तेव्हा दोन. पण झोपेतून उठवलं तरी हात बरोबर घरात गेला पाहिजे." प्रत्येक सुरुवातीची दुखरी जागाही ते सांगत, म्हणजे समोरच्याने काय केलं तर आपण अडचणीत येऊ. वासंतीने सगळं तीन वह्यांत उतरवलं. एक आनंदला, एक मंडळीला आणि तांबड्या शाईची चौकट काढलेली तिसरी खास भाऊकाकांना.

"फक्त तिसऱ्या वहीत माझी एक चूक राहिलीय," ती ओशाळून म्हणाली. "दादाच्या सुरुवातीत समोरच्याने नवव्या चालीला घोडा काढला, तर आपली पंचाईत. मी घोड्याऐवजी लिहिलंय, त्याने वजिराने कडेचं प्यादं मारावं. त्यात त्याचाच वजीर अडकतो. म्हटलं, काका वाचतील तेव्हा दुरुस्त करतील."

"मग दादाला तीच सुरुवात खेळू दे. वही कुणाची फुटली ते कळेल."

"काकांची नसणार," वासंती ठामपणे म्हणाली.

जेवणानंतर आनंदने तीच सुरुवात केली. आठ चाली झाल्या. कल्याणचे पटाईत उत्तमराव क्षणभरही थांबले नाहीत. त्यांनी वजीर उचलून कडेचं प्यादं मारलं.

ही चूक फक्त काकांच्या वहीत होती, हे वासंतीला ठाऊक होतं. दादा आता जिंकणार होता आणि तिला रडू फुटत होतं.

वजीर अडकला, आनंदने डाव मारला. श्रीपादने सगळ्यांदेखत विचारलं, "उत्तमराव, ही चाल कुठे वाचलीत?"

खजील झालेल्या उत्तमरावांनी कोटातून वही काढली. तांबडी चौकट. "तुमच्या भाऊंनीच दिली."

"माझी जागा या पोराला दिलीत ना?" भाऊकाका भिंतीकडे बघत म्हणाले. "मग घ्या."

मंडळीतले सगळ्यांत वडील विश्रामपंत उठले. त्यांनी श्रीपाद-वासंतीच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. आम्ही म्हातारे डोळे मिटून बसलो होतो. यापुढे पटावर तुमचीही जागा."

वासंतीला ते ऐकूही आलं नाही. उत्तमरावांकडची वही घेऊन, ते पान उघडून ती भाऊकाकांसमोर उभी राहिली.

"काका, ही चूक तुम्हाला लगेच दिसली असती," ती म्हणाली. "तुम्ही वही उघडलीसुद्धा नाहीत."

भाऊकाकांनी पान पाहिलं. वासंतीने वही मिटली आणि विश्रामपंतांच्या हातात दिली.