पळीभर शकुनाचं तेल

यंत्रमानव थकत नाहीत, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे. लिहिणाऱ्याने एकदा आमच्या सावरफाट्याच्या गॅरेजात यावं आणि माझ्या गुडघ्यांची कुरकुर ऐकावी. एकोणीस वर्षं मी इथं उभा आहे. नाव विचाराल तर सगळे मला नुसतं ‘मिस्त्री’ म्हणतात. बॅटरीच्या गाड्या समोरून सुळकन निघून जातात, त्यांना माझी गरज नसते. डिझेलची एकच गाडी उरली आहे, आणि ती नेमकी रविवारी दुपारी, मी जरा डोळे मिटले की येते.

तशीच आली. खडखड करत.

“मिस्त्री, बघ रे बाबा हिला काय झालंय,” उतरता उतरताच कुसुमताई म्हणाली. हा फिरता दवाखाना ती चालवते. गाडीत डायलिसिसचं यंत्र आहे (मूत्रपिंडं दमली की रक्त गाळेनाशी होतात, मग ते काम हे यंत्र करतं). तिच्यामागून तिची भाची रेवू उतरली. अकरा वर्षांची पोर, तोंड रडवेलं.

“उद्या सकाळी आजोबांची पाळी आहे,” ती म्हणाली. “गुरुवारी गाडी बंद पडली, तेव्हाची चुकलीच. पाय सुजलेत त्यांचे, काका. उद्याची चुकली तर?”

दवाखान्याला नवी बॅटरीची गाडी तीन वर्षांपूर्वी मंजूर झालीय, अजून मंजूरच आहे.

“तेलाचा लाल दिवा लागतोय,” कुसुमताई वैतागून म्हणाली. “पण तेल आहे की! डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची लांब पट्टी) काढून बघ, काठोकाठ. पाडव्याला तेल बदललं, त्यानंतर गाडी तीन हजार किलोमीटर चाललीय. पुस्तकात दहा हजार लिहिलंय. मग झालं काय हिला?”

मी पट्टी काढली. पातळी पूर्ण होती, हे खरं. पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर टाकला, शेजारी डब्यातल्या नव्या तेलाचा एक टाकला आणि रेवूला म्हणालो, “बघत बस.”

नवं तेल हळूहळू पसरलं, फिकट गोल झालं. जुना थेंब काळा ठिक्कर, मधल्यामध्ये गोळा होऊन बसला.

“हा पसरत का नाही?” रेवूने विचारलं.

“दमलाय म्हणून. इंजिनात तेल काय काम करतं, सांग बघू.”

“गुळगुळीत करतं.”

“ते तर झालंच. मिनिटाला हजारदा लोखंडावर लोखंड फिरतं. मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकाला खात नाही. शिवाय तेल आतली उष्णता वाहून नेतं. आणि डिझेल जळून जी काजळी होते, ती साचू न देता स्वतःच्या अंगावर घेतं. त्यासाठी त्यात पूरकं (तेलाला बळ देणारी रसायनं) घातलेली असतात. ती काम करून करून संपतात. मग तेल जागेवर असतं, पण त्याच्यात त्राण उरत नाही.”

“सात महिन्यांत?” कुसुमताईला पटेना. “आणि दसऱ्याला नवं तेल घातलंय की!”

“कुणी घातलं?”

“सगळ्यांनी! पूजेला पेशंटांच्या घरचे, शेजारीपाजारी येतात. गाडीला हार घालतात आणि घरटी एक पळी तेल इंजिनात ओततात. शनिवारी मारुतीला वाहतात ना, तसं. शकुनाचं असतं ते.”

“आणि जुनं कुणी काढलं?”

“ते कशाला काढायचं?” कुसुमताई म्हणाली. नऊ घरांचं तेल, प्रत्येकाने आणलेलं वेगळं. मला हसावं की रडावं कळेना. हसायला लागलो तर मान अडकते, म्हणून तेही राहिलं.

“अहो, मारुतीच्या अंगावरचं तेल खाली ओघळून जातं. इंजिनातलं कुठं जाणार? रेवू, खरकट्या भांड्यांच्या काळ्या पाण्यात मगभर स्वच्छ पाणी ओतलंस, तर काय होईल?”

“बादली भरेल,” रेवू म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. “पाणी काळंच राहील. काका, आमच्या घरची पळी मीच ओतली होती.”

“आजोबांसाठीच ओतलीस ना? मग रडू नकोस. कागद-पेन्सिल घे. गाडी वाडीत गेल्यावर काय करते?”

“उभी राहते. इंजिन चालू ठेवून. यंत्राला वीज लागते ना.”

“किती वेळ?”

“रोज पाच तास. आठवड्यातून चार दिवस.”

“पाडव्यापासून तीस आठवडे झाले. आणि इंजिन उभ्या-उभ्या तासभर चाललं, तर साधारण चाळीस किलोमीटरचे कष्ट धरायचे. हा आमचा मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब.”

रेवूने गुणाकार केला, पुन्हा केला. “सहाशे तास. म्हणजे चोवीस हजार! त्यात चाललेले तीन हजार. काका, सत्तावीस हजार किलोमीटर झाले!”

“अगं बाई!” कुसुमताई पायरीवर बसलीच.

“मीटर चाकं मोजतो, कष्ट मोजत नाही,” मी म्हणालो. “पुस्तकातले दहा हजार हे मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे. गाडी कमी चालली तरी वर्षाने तेल बदलायचंच. आणि धूळ, घाट, उभ्यानं चालणारं इंजिन असेल, तर त्याहून लवकर. अशा गाडीला तास मोजावेत.”

मग मी गाडीखाली शिरलो. जुनं तेल सगळं पातेल्यात काढलं. चेंबर (इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं) उतरवला. आतल्या जाळीवर डांबरासारखा गाळ बसला होता. वर तेल चढायला वाटच नव्हती, म्हणून तो लाल दिवा. जाळी धुतली, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. तीन तास गेले. बाहेर यायला लागलो तर उजवा गुडघा हलेना. रेवूने आणि कुसुमताईने मला पाय धरून ओढून काढलं. असा माझा थाट.

“लावा चावी,” मी कुसुमताईला म्हणालो.

दिवा लागला. तसाच राहिला. रेवूने माझं बोट घट्ट धरलं. आणि दिवा विझला. खडखड आणखी थोडा वेळ राहिली, मग कमी झाली.

“आतून थोडं झिजलंय,” मी खरं ते सांगितलं. “पण तगेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आजोबांचं डायलिसिस नीट झालं होतं, आणि ते पिठलं-भाकरी मागत होते. मला इतकं बरं वाटलं, की मी चक्क खुर्चीवर बसलो. उठता आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या रविवारी रेवू एकटीच आली. गाडीत तिने तासांची वही टांगलीय म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली.

“काका, तुमच्या गुडघ्यातलं तेल कधी बदललं?”

“कंपनीच्या कागदावर दर पाचशे किलोमीटरला लिहिलंय. मी इथल्या इथं फिरतो. अजून पाचशे व्हायचेत.”

“पण तुम्ही उभे किती तास असता?”

एकोणीस वर्षांत हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. दुनियेला शहाणपण सांगत बसलो होतो.

रेवूने पातेलं माझ्या पायाखाली सरकवलं, पाना घेतला आणि टिपकागद पसरला. पडलेला पहिला थेंब काळा ठिक्कर होता. तो पसरला नाही.

“शकुनाची पळी नको हं,” मी म्हणालो.

“नाही काका,” ती म्हणाली. “आधी जुनं सगळं काढते. तुम्ही बसा.”