कोबीचे सात गड्डे

दार उघडलं तेव्हा त्याच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता आणि हातात वस्तरा.

"तुमचा कोबी आमच्या गायीनं खाल्ला," एस्तेरा एका दमात म्हणाली. "सात गड्डे."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

"मग सांगतेस कशाला? मी सशांना शिव्या घालून मोकळा झालो असतो."

"म्हणूनच... सशांची काय चूक?"

तो फेसाआडून हसला. आणि सत्तावीस वर्षं सरळ नजरेनं चाललेल्या एस्तेराचे डोळे — उगाच, अगदी उगाच — त्याच्या बुटांवर जाऊन पडले.

हा रेमुस, वेतामावशीचा मुलगा. दहा वर्षं इटलीत छपरांवर कौलं चढवली आणि आता आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून परतला. गावात त्याची ख्याती थापांची. रेमुसनं 'पाऊस पडतोय' म्हटलं तर आधी खिडकीबाहेर हात काढून बघावा, असं बायका म्हणत.

एस्तेरा 'पश्चात्तापवाल्यां'ची. रोमानियातल्या त्या नदीकाठच्या गावात मोठ्या चर्चला न जाता साध्या खोलीत भजनं म्हणणारी, दारू न पिणारी, लग्नात न नाचणारी वीसेक घरं होती, त्यांना सगळे याच नावानं चिडवत. तिचे वडील, तितू, त्या मंडळीचं सगळं बघत. ते सांगत, "पोरी, गाव पवित्र शास्त्र उघडत नाही. गाव आपल्या कुंपणाच्या फटीतून बघतं. तेवढंच त्याचं वाचन." म्हणून एस्तेरा फटीसमोर नीट वागायची आणि फट नसेल तिथंही. नीट वागून वागून माणूस किती एकटं पडतं, ते मात्र वडिलांनी सांगितलं नव्हतं. मंडळीतली लग्नाची मुलं एकेक करून जर्मनीला गेली होती. ती उरली होती.

तिनं आपल्या वाफ्यातले सात गड्डे ढकलगाडीतून पोचते केले. दुसऱ्या दिवशी एक गड्डा बगलेत मारून रेमुस कुंपणापाशी हजर.

"हा लहान आहे. आमचा मोठा होता."

"खोटं!"

"हो. पण त्याशिवाय यायचं कसं?"

त्या हिवाळ्यात एस्तेरा एक दिवसाआड वेतामावशीकडे जायची. तिचे केस धुवायची, चूल पेटवायची. कोपऱ्यातल्या मरियेच्या तसबिरीपुढं तिच्या मंडळीतलं कोणी हात जोडत नसे. पण मावशीचा हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून एस्तेरा स्टुलावर चढून काच पुसायची... जपून, कडेकडेनं. रेमुस दारात टेकून बघत राहायचा.

"हे सगळं कोणासाठी?" एकदा त्यानं विचारलंच. "देवासाठी? आईसाठी? की...?"

"की काय?"

"की घरात एखादा देखणा कौलं चढवणारा असेल, त्याच्यासाठी?"

"देखणा कोण म्हणालं?"

"विषय बदलू नकोस. तू तर सगळ्यांशीच अशी वागतेस. माझ्या वाट्याचं वेगळं काही आहे की नाही, कसं कळायचं मला?"

एस्तेरानं फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"आधी फक्त देवासाठी होतं," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता... मिसळलंय."

पलंगावर वेतामावशी डोळे मिटून पडली होती. ती खोकली. "मी झोपलेय हं!"

लग्नाचा विषय निघाला तेव्हा तितूंनी रेमुसला समोर बसवून दूध दिलं आणि सरळ सांगितलं, "एका जुवाला दोन दिशांचे बैल मी जुंपणार नाही. ये मंडळीत. पण मनापासून."

तो आला. आलुबुखाऱ्याची दारू सोडली. भजनं बेसूर पण मोठ्यानं म्हणू लागला. आणि कोणी न सांगता थापाही सोडल्या. मे महिन्यात तो म्हणाला, "पाऊस येतोय," आणि गल्लीतल्या बायकांनी दोरीवरचे कपडे मुकाट्यानं काढले.

"तुझ्या वागण्याची साक्ष फळाला आली," तितू म्हणाले. एस्तेरानं त्या रात्री वाफ्यातल्या डेलिया मोजल्या. बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येणाऱ्याच्या हाती फुलं द्यायची रीत आहे ना!

सप्टेंबरातला तो रविवार. आभाळ भरलेलं, नदी थंडगार. काठावर मंडळी, पुलाच्या कठड्याला टेकून बाकीचं गाव. पांढऱ्या झग्यातला रेमुस तिसरा. कमरेइतक्या पाण्यात पाळकांनी, मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे, असा तुझा विश्वास आहे का?"

पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. एस्तेराच्या हातात डेलियांचे देठ ओले झाले...

"पाळकबंधू, तिच्यावर आहे," रेमुस हळू म्हणाला. "त्याच्यावर... खूप शोधलं. अजून सापडला नाही. हो म्हणालो तर थाप होईल."

पाळकांनी त्याला हाताला धरून काठावर आणलं. पुलावरून कोणीतरी ओरडलं, "बघा रे! पश्चात्तापवाल्यांनी माणूस नदीत घातला आणि डोक्यानं कोरडाच काढला!"

मंडळी खाली मान घालून घरी गेली. तितू जाताना तिच्या खांद्याशी क्षणभर थांबले, मग चालू लागले. रेमुस खोटं वागला असता तर भांडता तरी आलं असतं.

वाळुंजाच्या झाडाखाली तो झगा पिळत उभा होता.

"एक 'हो' म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"तुलाच ठाऊक, का नाही म्हणालो. कोबी... कोणी पाहिलं नव्हतं ना? तरी आलीस सांगायला."

"मला एक सांगायचंय." तिचा आवाज फाटला. "तू गप्प होतास तेव्हा मी मनात म्हणत होते, बोल रे... खोटं बोल. एकदाच. देवासमोर उभी राहून मी हे मागितलं, रेमुस. मी!"

त्यानं हसायचा प्रयत्न केला. "कोणाला सांगू नकोस. गावाचा विश्वास उडेल."

"परत इटलीला, कामावर?"

"मंगळवारच्या बसनं. आईला बहिणीकडे पोचवून."

"येशील पुन्हा?"

पूर्वीचा रेमुस म्हणाला असता — वसंतात, गाडी घेऊन, सोन्याची अंगठी घालून. त्यानं तोंड उघडलं. मिटलं.

"माहीत नाही."

तिनं फुलांकडे पाहिलं. "ही पाण्यातून वर आलेल्यालाच देतात."

"मी कमरेपर्यंतच भिजलो."

तिनं डेलिया मोजल्या आणि निम्म्या त्याच्या हातात दिल्या. बोटं लागली, थंड... आणि सुटली. उरलेल्या निम्म्यांचं काय करायचं, कोणत्याच रीतीत सांगितलेलं नव्हतं. त्या घेऊन ती तशीच उभी राहिली, तो चढावर पोचेपर्यंत.

वरून त्यानं वळून हाक दिली, "एस्तेरा, घरी जा! पाऊस पडतोय!"

तिच्या गालांवर पाणी होतं. ते कुठलं, तिला कळत नव्हतं. पण तो म्हणाला होता. तिनं हात पुढं करून पाहिला नाही. डोक्यावरचा रुमाल ओढला आणि घराकडे चालू लागली.