भिंतीपलीकडचा प्रिंटर

मयुरी शिडीवर उभी राहून खिडकीतून वायर आत ओढत होती, तेव्हा खालून कुणीतरी शिडी धरली. शेजारच्या पंचफुलाबाईंचा भाचा, पुण्याहून नुकताच आलेला धम्मरत्न.

“शिडी हालून राह्यली होती,” तो म्हणाला. “तुम्ही पडल्या असत्या, तर नेट मले भेटलं असतं.”

रोहिणखेडच्या त्या गल्लीत इंटरनेटची एकच जोडणी उरली होती आणि ती मयुरीनं मिळवली होती. गणितात बीएस्सी करून ती गावी परतली होती. आसपासच्या खेड्यांतल्या दहावीच्या मुलींना ती घरूनच ऑनलाइन शिकवणार होती आणि रविवारी त्यांना अंगणात बसवून पेपर सोडवून घेणार होती. धम्मरत्न घरांचे नकाशे काढायचा. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती, पण नेटशिवाय ती काय कामाची?

“नेट दोघं वापरू,” खाली उतरत मयुरी म्हणाली. “पण तुमच्याकडं प्रिंटर आहे म्हणे. मले पेपर छापाले मोताळ्याले जा लागते.”

“म्हणजे... अदलाबदल?”

“हाव. उपकार नाई.”

राऊटर मयुरीच्या घरात बसला. मधल्या जाड भिंतीतून वायफाय धड पोचेना, म्हणून त्यानं भिंतीवरून केबल ओढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. प्रिंटर त्याच कॉम्प्युटरला लावलेला होता. तो त्यानं शेअर केला आणि मयुरीच्या पडद्यावर प्रिंटरचं नाव उमटलं.

“माहा कॉम्प्युटर सुरू असला तरच छापते बरं,” तो म्हणाला. “आधी मले आवाज द्या लागन.”

मग ती दोन अंगणांमधल्या भिंतीपाशी येऊन आवाज द्यायची. तिकडे प्रिंटर घरघरायचा आणि धम्मरत्न कागद घेऊन यायचा. थंडीचं कोवळं ऊन तिच्या ओल्या केसांवर पडलेलं असायचं... तो कागद पुढे करायचा, पण लवकर सोडायचा नाही.

“सोडा ना.”

“मोजून राह्यलो.”

“माह्याकडं पाहून?”

तो हसायचा. हळूहळू ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. पेपर छापून झाले तरी दोघं भिंतीशी बोलत उभे राहू लागले.

माघ सरता सरता कंपनीचा निरोप आला — पुण्याला परत या. त्या दुपारी धम्मरत्न प्रिंटर उचलून मयुरीच्या घरी आला. त्यानं तो थेट राऊटरला जोडला आणि तिच्या कॉम्प्युटरवरून एक पान छापून पाहिलं.

“प्रिंटर तूच ठेव. आता माह्या कॉम्प्युटरची गरज नाई.”

मयुरी त्या पानाकडे बघत राहिली.

“हे आधीपासून जमत होतं?”

“हो.”

“मंग काऊन नाई केलं?”

तो केबल गुंडाळत राहिला. “मंग तू आवाज दिला नसता.”

तिनं ते पान बाजूला ठेवलं.

“ऐक. मी हे गाव सोडणार नाई. माह्या पोरींची परीक्षा आहे, पुढच्या वर्षी आणखी पोरी येतीन. आणि तू मले आवडतो. तुह्या मनात असंन तर जायच्या आधी बाबाले सांग. नसंन तर हा प्रिंटर घेऊन जा.”

धम्मरत्ननं केबल खाली ठेवली. पुण्याला फोन लावून तो तिच्यासमोरच म्हणाला, “सर, मी येत नाही. जमलं तर इथूनच काम द्या, नाही तर बुलडाण्यात काम शोधतो.” तिकडचं उत्तर ऐकून त्यानं फोन खिशात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरून मयुरीला कळलं, की नोकरी गेली.

“चाल,” तो म्हणाला.

मयुरीचे बाबा, जानराव, अंगणात बाजेवर बसले होते. “जय भीम, मामा,” म्हणून धम्मरत्ननं नोकरी गेली इथपासून मयुरीवरच्या प्रेमापर्यंत सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही.

जानरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग लेकीकडे वळले.

“यानं तुले विचारलं का?”

“नाई, बाबा. मीच विचारलं.”

जानराव बाजेवर जरा सरकले, शेजारची जागा त्यांनी हातानं झाडली आणि धम्मरत्नकडे पाहिलं.

“बस बे मंग. उभा काऊन?”