बाटलीतला कापूस

मला दोन गोष्टींचा भयंकर राग येतो. एक, फवारणीचं औषध अर्धंच मारणारे शेतकरी. दोन, बसमध्ये वाजणारी गोळ्यांची बाटली. पहिलीशी माझा रोजचा संबंध, कारण महागावच्या एका कृषी केंद्रात मी काउंटरवर असते. दुसरीशी गाठ पडली ती त्या हिवाळ्यात, यवतमाळहून उमरखेडला जाणाऱ्या बसमध्ये. आणि तिच्यासोबत एक माणूसही गळ्यात पडला.

खिडकीशी मी, शेजारी तो. त्याच्या मांडीवर पिशवी. बस खड्ड्यात आदळली की पिशवीतून आवाज यायचा – खुळखुळ... खुळखुळ. तोंडाला स्कार्फ बांधलेलाच होता, मी मान खिडकीकडे वळवली. पण कान कुठे वळवणार? तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. यवतमाळच्या एआरटी सेंटरमधून मिळणारी बाटली. एचआयव्हीच्या गोळ्यांची. तशीच एक माझ्याही पर्समध्ये होती, पण माझी वाजत नव्हती.

पुढच्या सीटवरच्या बाईनं दुसऱ्यांदा वळून पाहिलं, तेव्हा मला राहवेना. मी पर्समधून कापसाचा बोळा काढला आणि त्याच्या पिशवीवर ठेवला.

"हे काय?"

"कापूस."

"मले कुठं लागलं हाय?"

"बाटलीत कोंबा," मी दातओठ खात पुटपुटले. "अख्खी बस आयकून राह्यली."

तो आधी बोळ्याकडे पाहत राहिला, मग स्कार्फमधून दिसणाऱ्या माझ्या डोळ्यांकडे. चेहऱ्याचा रंगच उडाला... आणि मग हळूच, अगदी हळूच, हसला.

"म्हणजे... तुमी पण?"

"समोर पाहा."

समोर पाहील तो बादल कसला! आर्णी येईपर्यंत मला त्याची नावासकट सगळी माहिती झाली होती, एक अक्षर न विचारता. ढाणकीजवळच्या तांड्यावरचा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. पावसाळाभर ताप, तोंड आलेलं, वजन उतरलेलं. तपासणी झाली आणि सेंटरवाल्यांनी सांगितलं, अंगातल्या लढणाऱ्या पेशी दोनशेच्याही खाली गेल्यात. आजार कुठून आला ते मी विचारलं नाही. आमच्यात ते विचारत नसतात.

"आता तं एकदम टकाटक वाटते," तो म्हणाला. "एखाद-दोन दिवस चुकली गोळी तं काय होते?"

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. माझ्या बाबांनाही एकदम टकाटक वाटत होतं. ते गोळ्या ज्वारीच्या कणगीत लपवायचे. घरात पाहुणे असले की कणगीकडे जाता यायचं नाही, मग गोळी चुकायची. चुकत चुकत त्यांनी बंदच केली. पुन्हा आजारी पडले ते उठलेच नाहीत. त्या खाटेशी मी बसले होते, आणि पुन्हा कुणाच्या खाटेशी तसं बसायचं नाही हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"रोज घ्या," मी म्हटलं. "एकाच टायमाले. चुकवायची नाही."

"नाव तं सांगा, मग घेतो."

"नलू."

"नलूताई म्हनू?"

"काय म्हणायचं ते म्हणा, पण हळू म्हणा!"

तो ताई म्हणाला नाही.

त्यानंतर मी कुठे कामाला असते ते हुडकून हा माणूस दर आठवड्याला दुकानात. म्हणे फवारणी पंपाचं नोझल पाहिजे. त्याच्याकडे गुंठाभर शेत नाही, पंप नाही, तरी नोझल पाहिजे.

"कोणत्या पिकाले?" मी कपाळाला आठ्या घालून विचारायचे.

"पीक अजून ठरलं नाही. आधी मालकीनबाई ठरू द्या."

दुकानाचे मालक रामरावकाका चष्म्यावरून पाहायचे आणि खोकायचे. मी बिल फाडता फाडता हळूच विचारायचे, "घेतली?" तो म्हणायचा, "घेतली ना." इतक्या सरळ डोळ्यांनी म्हणायचा की मला खरंच वाटायचं. बिल देताना बोटाला बोट लागायचं... आणि मी उगाचच पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसायचे. तो आवडत होता मला. कबूल करायला राग येतो, पण आवडत होता.

मग आला जून. दुकानात पेरणीची गर्दी, बियाण्यांच्या पिशव्यांवरून भांडणं, आणि त्या गर्दीत बादल दाराशी उभा. नोझल मागत नव्हता. मी त्याला मागच्या गोदामात नेलं.

"रिपोट आला," तो म्हणाला. "पेशी हायेत तिथंच हायेत. रक्तातला विषानू बी कमी नाही झाला."

"रोज घेता ना?"

"घेतो ना. जेव्हा असते तेव्हा."

"जेव्हा असते म्हणजे?"

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. मग जे सांगितलं ते ऐकून मी खताच्या पोत्यावर मटकन बसले. बाटली घरी सापडली तेव्हा त्यानं आईला थाप मारली होती, ताकतीच्या गोळ्या आहेत म्हणून. तांड्यावर आईला याडी म्हणतात. ही याडी, मानीबाई, भारी मायाळू. तिनं बाटली स्वतःच्या ताब्यात घेतली. त्याच्या बापाचे, धावजींचे गुडघे दुखतात, म्हणून एक गोळी त्यांना. आणि एक बादलला. अर्ध्या महिन्यात बाटली रिकामी, मग पुढची मिळेपर्यंत उपास!

"अन् तुमी पाहत राह्यले?"

"काय बोलू? म्हनू का याडी, बापाले नको देऊ? म्हनंन, बापावून जास्त झाली का तुले गोळी?"

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं नाही, ओरडले.

"बोंडअळीले अर्धंच औषध मारलं तं काय होते?"

"मरत नाही."

"अन् मग?"

"...निबर होते. मग पुरं मारलं तरी मरत नाही."

"तसंच हाय हे! अर्ध्या गोळ्यांनं तो विषाणू निबर होते. मग आज जी गोळी चालते ती उद्या चालणार नाही. रोज घेतली तं तो दबते, अन् तो दबला की पेशी आपोआप वाढतात. मी लहानपणी टीबीनं काडी झालती. आईनं एक दिवस चुकू दिली नाही. आता पाहा!" मी उठले आणि ज्या पोत्यावर बसले होते तेच एकटीनं भिंतीशी सरकवलं. रागात जरा जास्तच सरकलं.

"लय ताकत हाय बाप्पा," तो म्हणाला.

"मस्करी नका करू!"

"बरं, आता बाटली मोटारीच्या दुकानात लपवतो. मंग तं झालं?"

"अन् तुमचे बा? ते उगाच दुसऱ्याचं औषध खाऊन राह्यले. त्याईले दवाखान्यात नेऊन काय सांगाल, ताकत जास्त झाली?" माझा आवाज फाटला. "लपवायच्या जागा संपतात, बादल. माह्या बाबांच्या संपल्या होत्या. घरी खरं सांगा. नाही तं इथं येऊ नका. मले पुन्हा कोनाच्या खाटेशी बसाचं नाही."

त्याचं नाव मी पहिल्यांदाच असं नुसतं घेतलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं. पण तो मान खाली घालून निघून गेला.

आठवडा गेला. दुसरा गेला. नोझल मागायला कुणी येईना. मी रस्त्याकडे पाहायचे, मग रस्त्याकडे पाहते म्हणून स्वतःवरच चिडायचे. एका शेतकऱ्याला सोयाबीनच्या जागी तुरीचं बियाणं दिलं. रामरावकाका म्हणाले, "पोरी, तुले ताप हाय का?" मी म्हटलं, ताप नाही, वैताग आहे.

आणि एका दुपारी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून एक बाई उतरली. हातभर पांढऱ्या बांगड्या, कपाळावर आठ्या, माझ्यापेक्षाही जास्त. बादल गाडीशीच उभा राहिला, खाली मान घालून.

"नलू कोन हाय?"

"मी."

"तूच का थे छोरी? माह्या पोराले रडवनारी?"

गिऱ्हाईक वळून पाहायला लागली. मी घाईघाईनं मानीबाईंना गोदामात नेलं. त्या बसल्या नाहीत.

"दोन दिस जेवला नाही. मंग रडला अन् सांगतलं." त्यांचा आवाज एकदम बसला. "मी माह्या हातानं वाटत होती वो त्याचं औषध... त्याचा जीव होता थो, अन् मी गुडघ्याले देत होती! कोनी सांगाचं नाही का मले?"

इतके दिवस जिच्यावर चडफडत होते ती बाई माझ्यासमोर पदर तोंडात कोंबून रडत होती. मी त्यांचा हात धरला.

"धावजीकाका कसे हायेत?"

"दवाखान्यात नेलतं. डॉक्टर म्हने बंद करा, काही बिघडलं नाही. आमच्या दोघाईची तपासनी केली, काहीच निघालं नाही." त्यांनी डोळे पुसले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुले पन हाय म्हने?"

"हो. जन्मापासून."

"तब्येत तं चांगली हाय."

"गोळीनंच हाय, मावशी. रोजच्या."

"लेकरं...?" त्या थांबल्या.

"गोळ्या चुकवल्या नाही, डॉक्टरांचं आयकलं, तं लेकरं चांगली होतात. सहसा त्याईले होत नाही."

मानीबाईंनी बराच वेळ मान हलवली. मग कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. कापसाचा बोळा होता, मळून काळपट झालेला.

"हा तुहा ठेव तुह्यापाशी. आमच्या घरी आता लागत नाही. बाटली टीव्हीवर ठेवली हाय. राती नवाची बातमी लागली की मी देतो त्याले गोळी." जाता जाता त्या दारात वळल्या. "अन् त्याले नोझल नको इकू. घरी ढीग लागला."

दिवाळीनंतर आम्ही यवतमाळहून परत येत होतो. तीच बस, पुन्हा वेचणीचे दिवस, रस्त्याकडेला बाभळींना अडकलेला कापूस. खिडकीशी मी, शेजारी तो. पिशवीतून खुळखुळ, पहिल्यासारखीच. आज मला तिचा राग येत नव्हता, पण तो गप्प बसला होता त्याचा येत होता.

"रिपोट काय आला? सांगा ना!"

"थांब ना, दम धर."

"आर्णी गेली दम धरता धरता!"

"रक्तात विषानू दिसूनच नाही राह्यला," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "अन् पेशी तिनशेच्या वर गेल्या. डॉक्टर म्हने असंच चालू ठेव, अजून वाढतीन."

माझे डोळे भरून आले. भरून आले म्हणूनच मी त्याच्या दंडावर एक चापट मारली. "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"आधी तुले इचाराचं होतं काहीतरी." त्याचं हसू गेलं. "तू माह्या बाटलीतला कापूस काढाले लावला. तुही बाटली अजून मुकीच हाय. काहून?"

इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. रामरावकाकांना ठाऊक नव्हतं, शेजारणींना ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना उपदेश करायला मी पुढे, आणि माझी बाटली पर्सच्या तळाशी.

"भेव वाटते," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

"मले बी वाटलं होतं." तो जरा जवळ सरकला. "राहू दे मंग. तुले वाटंन तेव्हा काढ. मी घाई करत नाही."

घाई करत नाही म्हणे! वर्षभर डोकं खाल्लं, आणि आता घाई करत नाही. मी वैतागून पर्स उघडली, बाटलीचं झाकण फिरवलं आणि बोळा काढला. त्याच्या हातात ठेवला. हात मात्र परत घेतला नाही.

पुढच्या स्पीड ब्रेकरवर दोन्ही बाटल्या वाजल्या. समोरच्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं.

"काय वाजून राह्यलं, पोरी?"

"गोळ्या हायेत, बाबा," मी म्हटलं. "रोजच्या. आमच्या दोघाईच्या."

म्हातारा "बरं बरं" म्हणून पुढे वळला. बादल माझ्याकडे पाहत राहिला, आणि मी स्कार्फ सोडून चेहऱ्यावर वारा घेतला.

"आता लगनाचं इचारू का?"

"नवाची गोळी घेऊन फोन करा," मी म्हटलं. "मग सांगते."

त्या दिवशी फोन आला तो बातम्या सुरू व्हायच्या आधीच. पलीकडून आधी मानीबाईंनी बाटली वाजवून दाखवली; गोळी घेतल्याशिवाय फोन त्याच्या हाती मिळणार नव्हता.