साखर राहिली, रंग गेला

"ताई, माझ्या आईला कुणीतरी गुंगी घालतंय. पण तपासणीत काहीच सापडत न्हाई!"

युसूफ वडगावची सुनिता दारातच रडू लागली. खासगी तपासनीस मंजुषाताईंनी तिला बसवलं. त्यांचा सोबती मुंजाजी, निवृत्त हवालदार, कान देऊन ऐकू लागला.

सुनिताची आई छबुबाई कित्येक दिवस ग्लानीत होती. लघवीचा नमुना पुन्हा पुन्हा कोरा येत होता. म्हणून हे वेडच समजून डॉक्टर संध्याकाळी वेडावरची सुई देणार होते. पोटात खरंच गुंगीचं औषध असलं, तर त्या सुईनं श्वासच थांबणार होता.

छबुबाईच्या घरात पाऊल टाकताच मुंजाजी खाटेवर वाकला. म्हातारीच्या छातीवरची गोधडी हलतेय की नाही, हेच कळेना.

छबुबाईची जाऊ रुक्मिणीबाई फणकारली. "नमुना मीच धरते. सैपाक समद्यांचा एकच हाय. रातची साखरेच्या आजाराची गोळी तेवढी पुतण्या देतो. लई जीव लावतो."

पुतण्या हरिओम. छबुबाईच्या बोअरवर त्याचा पाण्याच्या जारचा प्लांट. "इथं लाईट टिकत न्हाई, म्हणून नमुना रातभर माझ्या फ्रीजमधी ठेवतो," तो म्हणाला. "नेतो रईस. त्याला इचारा."

"विहिरी आटल्या, बोअर बंद कर, असं आई ह्याला म्हणली होती," सुनिता हळूच पुटपुटली.

फळवाला रईस रोज केजला जाताना बाटली प्रयोगशाळेत पोचवी. "पाण्यावानी असती, ताई. वासबी न्हाई."

"बाटलीत पाणीच भरलं बे तू!" मुंजाजी गरजला.

मंजुषाताईंनी प्रयोगशाळेला फोन लावला. आजचा नमुनाही कोरा. पण साखर भरपूर, मीठ पुरेपूर. मग त्या प्लांटवर गेल्या. फ्रीजमागं फडक्याची ओली पुरचुंडी पडली होती, आत काळे दाणे. ती त्यांनी रईसबरोबरच केजला धाडली. मुंजाजीनं कपाळावर हात मारला.

संध्याकाळी डॉक्टर सुई घेऊन आले, तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी ऐकून घेतलं.

"थांबा, डॉक्टर. नमुन्यात पाणी घातलं असतं तर मीठ पातळ झालं असतं. दुसऱ्याचा असता तर एवढी साखर नसती. म्हणजे नमुना छबुबाईंचाच. गेला फक्त रंग, वास आणि औषध. हे तिन्ही एकदम ओढतो तो पाणी गाळायचा कोळसा. त्याच्या बारीक भोकांत ते अडकतं, मीठ-साखर निसटते. रुक्मिणीबाई आणि रईस यांच्या हातात बाटली घडीभर असते, हरिओमकडं रातभर. कोळसा धरलेलं सोडत नाही, पण प्रयोगशाळेनं पुरचुंडीतला कोळसा स्पिरिटनं धुतला. झोपेचं औषध त्यातच निघालं; रातच्या गोळीबरोबर हरिओम तेच देत होता."

"बोअर गेली असती तर प्लांट बुडाला असता," हरिओम भिंतीकडं बघत म्हणाला. मुंजाजीनं त्याचं मनगट धरलं.

औषधाचं नाव कळताच डॉक्टरांनी पहिली सुई फेकून उताऱ्याची भरली. ती टोचून झाली. बऱ्याच वेळानं छबुबाईच्या पापण्या हलल्या. समोर पुतण्या दिसला.

"हरिओम," ती अडखळत म्हणाली, "जेवलास का रं लेकरा?"